उतारा क्रमांक एकतीस

अजितचा मेसेज आला तेव्हा मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. इथे परदेशात, वेरीबी नावाच्या उपनगरातल्या एका कलेक्शन सेंटरमध्ये मी तपासणीसाठी रक्त काढायचं काम करते, आणि कामाच्या वेळी फोन उलटा ठेवायचा असतो. मी ठेवत नाही, हा माझा जुना दोष. स्क्रीनवर दोनच शब्द होते, ‘अनघा गेली.’ मी नळी भरून बाजूला ठेवली, हातमोजा काढला आणि उत्तर टाकलं, ‘कुठे? आज क्लास आहे ना तिचा?’... ते उत्तर अजून आमच्या दोघांच्या फोनवर तसंच आहे. अजितनं त्यावर काही लिहिलं नाही, सरळ फोन केला, आणि फोनवरही तो नुसता श्वास घेत राहिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. अनघा माझी चौदा वर्षांची मैत्रीण, अजित तिचा नवरा. सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना ती कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वय अठ्ठावन्न.

ह्याला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या ह्या रविवार पुरवणीच्या संपादकबाईंनी ‘मैत्रिणीवर लिहाल का’ असं विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हटलं होतं. हसरी होती, हुशार होती, परदेशात राहून कितीजणांना इंग्रजी शिकवलं, असं काहीतरी लिहायचं माझ्या डोक्यात होतं. तेव्हा मला उतारा क्रमांक एकतीस ठाऊक नव्हता. आता ठाऊक आहे, त्यामुळे हा लेख त्यांनी मागितला तसा होणार नाही, आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले आहे. सकाळी दात घासताना रागावते, ट्रेनमध्ये रागावते, आणि सगळ्यात जास्त राग ह्याचा येतो की आता तिच्याशी भांडताही येत नाही.

आमची ओळख झाली तीच मुळी एका घोटाळ्यातून. दोघी नव्या, दोघी बेकार. नोकरी शोधून देणाऱ्या एका एजन्सीनं आम्हाला लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात पाठवलं, का, तर फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात आम्ही मराठी लिहिलं होतं. तिथे एक गोड म्हातारी ‘माय... नेम... इज...’ असं एकेक शब्द तोडून शिकवत होती. माझ्या शेजारी टिकली लावलेली, दोन स्वेटर एकावर एक चढवलेली एक बाई बसली होती. ती माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटली, ‘अठरा वर्षं पुण्यात ज्युनियर कॉलेजला इंग्लिश शिकवलंय मी. आता उभं राहून नाव सांगू का?’ आणि नंबर आल्यावर उभं राहून तिनं अगदी सालसपणे नाव सांगितलंही. तोवर वर्कशीटमधली एक चूक तिनं पेन्सिलनं दुरुस्त करून ठेवली होती. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाले. पाठोपाठ ती आली, आणि त्या दिवसापासून आमचं जे गूळपीठ जमलं ते जमलंच.

त्याच वर्गात एक चिनी बाई होती. तिला बोलता यायचं थोडंफार, पण एक परीक्षा तीनदा देऊन ती वाचनात अडकली होती. ती परीक्षा म्हणजे नर्सच्या रजिस्ट्रेशनला लागते, युनिव्हर्सिटीला लागते, इथे कायमचं राहायचं तर व्हिसाच्या पॉइंट्सना लागते. अनघानं तिला आठ-दहा वेळा घरी बोलावून शिकवलं आणि ती पास झाली. तिनं बहिणीला पाठवलं, बहिणीनं कामावरच्या दोघींना. बघता बघता ट्रुगानिनातल्या अनघाच्या डायनिंग टेबलाशी दर गुरुवारी दुपारी चार वाजता चार-पाच चिनी डोकी वाकलेली दिसायला लागली. पॉइंट कुक ह्या शेजारच्या उपनगरातून यायची बहुतेक. तिला ती ‘अनघा लाओशी’ म्हणायची. लाओशी म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’. सगळ्यांनी इथे आल्यावर सोयीसाठी विंडी, केल्विन अशी नावं घेतलेली असायची. अनघाला ते चालायचं नाही. प्रत्येकाचं खरं नाव ती चढउतारासकट पाठ करायची, चुकली की पुन्हा म्हणायची, आणि मग हक्कानं त्यांच्या चुका काढायची.

चुका शब्दांच्या नसायच्याच मुळी. शब्द त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ. चूक असायची ती एका ठरावीक प्रश्नात. उताऱ्याखाली काही विधानं दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे तीनातलं एक लिहायचं असतं, ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन. कागदावर तसं म्हटलं असेल तर ट्रू. कागद उलटं सांगत असेल तर फॉल्स. कागद गप्प असेल तर नॉट गिव्हन. ऐकायला सोपं आहे, पण चांगली चांगली माणसं त्यात गळपटतात, कारण आपण कागदाच्या पुढे जाऊन मनाचं घालतो. एकदा उताऱ्यात एक मुलगा खाणीत कामाला जातो, बाप गावी राहतो, एवढंच होतं. खाली विधान होतं, ‘मुलाला वडिलांची आठवण येते.’ सगळ्यांनी ट्रू लिहिलं. आठवण येणारच ना लाओशी, बाप आहे तो. अनघा म्हणाली, येत असेल, येवो, पण मला ओळ दाखवा. ओळ नव्हती. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा करत होते, आणि मीही मनात ट्रूच म्हटलं होतं.

पुढे तिची वेगळीच पंचाईत झाली. बाजारात मिळणारे सगळे सरावाचे उतारे ह्या मुलांनी उत्तरांसकट पाठ केलेले असायचे. देवमासे, हिमनद्या, मधमाश्यांची पोळी... पहिली ओळ वाचली की त्यांना सातव्या प्रश्नाचं उत्तर आठवायचं. मग अनघा स्वतःच उतारे लिहायला लागली. एका निळ्या फाइलमध्ये, नंबर घालून, प्रत्येकी एक पान आणि खाली सात प्रश्न. अजितच्या डोक्यावर झडप घालणारा मॅगपाय पक्षी त्यात होता. टार्निटच्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या झोपणारा आणि नेमका स्वतःच्या स्टेशनला जागा होणारा माणूस होता. समोरच्या घरातला, रविवारी सकाळी सातला लॉन कापणारा जॉर्ज होता. मला ते उतारे फार आवडायचे. आपल्याच गल्लीतली माणसं छापील इंग्रजीत गंभीर चेहऱ्यानं उभी असायची आणि खाली प्रश्न, जॉर्जच्या बायकोला काय वाटत असावं. एकदा मी लाडात येऊन विचारलं होतं, ‘मी नाही का गं ह्यात कुठे?’ त्यावर ती हसली आणि म्हणाली, ‘तू एका पानात मावशील होय?’ हे वाक्य मी नंतर चार जणांना कौतुकानं सांगितलं. मूर्खच मी.

आता जे सांगायचं ते सांगते. कोरोनाच्या साथीत सीमा बंद होत्या त्या काळात साताऱ्याला माझी आई आजारी पडली. हृदय दमलं होतं तिचं, डॉक्टर म्हणाले थोडे आठवडे. इथून बाहेर पडायला तेव्हा सरकारची परवानगी लागायची. मी अर्ज केला, कागद जोडले, दादाला फोन करून सांगितलं की परवानगी आली की मी निघाले. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आई त्याच्याकडेच होती. नवव्या दिवशी परवानगी आली. शुक्रवारी विमान होतं, त्यात जागा होती. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. नवऱ्यानं ‘तू ठरव’ म्हणून अंग काढून घेतलं. मी ठरवलं. तिकडे प्रेतं रांगेत होती, तिकडून परतीची विमानं कधी बंद होतील त्याचा भरवसा नव्हता, अडकले तर किती महिने, आणि मला झालं तर... मुलीचं बारावीचं वर्ष आहे, असं मी स्वतःला कारण दिलं. मुलगी तर आधीपासून ‘मम्, जस्ट गो’ म्हणत होती. दादाला मी सांगितलं, परवानगी आलीच नाही. त्यानं आईला तसं सांगितलं. त्या शुक्रवारनंतर अकराव्या दिवशी आई गेली.

तेराव्यानंतर दादानं फोनवर सांगितलं, की मी येणार म्हणून आईनं शेजारच्या मुलाकडून बाथरूममधला बल्ब बदलून घेतला होता. मी माहेरी गेले की दर वेळी कटकट करायचे, काय गं हा अंधार, साबण दिसत नाही. दादा हे सहज सांगून गेला. मी फोन ठेवला आणि गाडी काढून अनघाकडे गेले. तिच्या घरासमोर, गाडीतच बसून, मी तिला पत्रापासून बल्बपर्यंत सगळं सांगितलं. नवरा सोडला तर हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तुझी काही चूक नाही शुभा. तुझ्या हातात काही नव्हतंच.’ पुढच्या चार-पाच वर्षांत मी हे कितीदा उकरून काढलं असेल, आणि दर वेळी तिनं न कंटाळता तेच सांगितलं. तुझ्या हातात काही नव्हतं. मी त्या वाक्यावर जगत होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

अनघाच्या फ्युनरलला आपल्या मराठी लोकांपेक्षा चिनी माणसं जास्त होती. साधे काळे कपडे घालून, रांगेनं, फोटोसमोर तीन-तीनदा वाकून गेली. आपली माणसं पार्किंगबद्दल बोलत होती. दोन आठवड्यांनी अजितनं मला विचारलं, सध्याच्या चौघांची परीक्षा तोंडावर आली आहे, फाइल आहे, उत्तरं मागे लिहिलेली आहेत, तू थोडे गुरुवार बसशील का. मला कुठलं शिकवता येतंय, पण नाही कसं म्हणणार. गुरुवारची माझी शिफ्ट दोनला संपते. गेले, तिच्या खुर्चीत बसले. चौघांत लीहुआ नावाची एक नर्स आहे, पस्तिशीची, एका वृद्धाश्रमात मदतनीसाचं काम करते, रजिस्ट्रेशन फक्त ह्या परीक्षेसाठी अडलंय. ती म्हणाली, मागच्या वेळी उतारा एकतीस सोडवून घेतला होता, उत्तरं तपासायची राहिली. मी फाइल उघडली. आधी वाचून बघावं, एवढी अक्कल मला सुचली नाही. म्हटलं, वाच मोठ्यानं.

‘नवा बल्ब’ असं त्याचं शीर्षक होतं. तरीही माझ्या लक्षात आलं नाही, बघा. लीहुआ सावकाश वाचत होती. सगळं इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत सांगते. एक बाई परदेशात राहत होती. तिची आई मायदेशी आजारी होती. देशाची दारं बंद होती, पण बाईनं अर्ज केला आणि नवव्या दिवशी परवानगीचं पत्र आलं. शुक्रवारी एक विमान होतं... इथे मी फाइल जवळ ओढून तिच्या पुढचं वाचायला लागले. मुलगी येणार म्हणून आईनं बाथरूममधला बल्ब बदलून घेतला, कारण मुलगी दर वेळी अंधाराची तक्रार करत असे. बाईनं पत्र दोनदा वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. भावाला तिनं सांगितलं की पत्र आलंच नाही. ‘दोनदा’ सुद्धा सोडलं नव्हतं तिनं. मी गाडीत रडत रडत सांगितलेलं एक एक वाक्य तिनं पुसून, घडी घालून, त्या पानावर ठेवलं होतं. नाव तेवढं नव्हतं.

खाली प्रश्न. पहिले तीन किरकोळ, आईनं घरात काय बदललं वगैरे. तेवढ्यावर लीहुआ थोडी हसलीही, की बल्ब, किती सोपं. चौथं विधान होतं, ‘बाईला जाणं शक्य होतं.’ चौघांनी फॉल्स लिहिलेलं. का, असं मी विचारलंच नाही, त्यांनीच सांगितलं. लीहुआ म्हणाली, आई मरणाला टेकली असताना मुलगी जाणार नाही, असं कसं होईल? नक्की काहीतरी मोठी अडचण असणार, कागदावर लिहिली नसेल इतकंच. बाकीच्यांनी माना हलवल्या. चार परकी माणसं माझी वकिली करत होती. आणि मी, त्यांची नवी लाओशी, म्हणाले, ‘बरोबर. फॉल्स.’ लीहुआनं बरोबरची खूण केली, पण तिची पेन्सिल त्या पत्राच्या ओळीवर क्षणभर थांबलेली मी पाहिली. मग मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले, ती सिंकपाशी उभीच राहिले.

मुलं गेल्यावर उत्तरसूची पाहिली. लाल पेनानं, अनघाचं ते शाळामास्तरी अक्षर. चौथं, ट्रू, पुढे ओळींचा आकडा. पाचवं, ‘बाईनं भावाला खरं सांगितलं’, फॉल्स. सहावं, ‘आईला खरं कारण कळलं’, नॉट गिव्हन. सातव्यात चार शब्द दिलेले, बाईला कुठला लागू पडतो ते निवडा. दुर्दैवी, घाबरलेली, निर्दय, कामात गुंतलेली. उत्तर, घाबरलेली. आणि समासात, स्वतःसाठी म्हणून मराठीत लिहिलेलं, ‘मुलं चौथ्यात हमखास चुकतात. त्यांना बाईला वाचवायचं असतं. वाचवू देऊ नये.’

माझं गुपित तिनं चव्हाट्यावर मांडलं ह्याचा संताप होताच. पण त्याहून झोंबलं ते वेगळं. माझ्यासमोर बसून ‘तुझ्या हातात काही नव्हतं’ म्हणणारी बाई घरी येऊन लाल पेनानं ट्रू लिहीत होती. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून तेच वाटत होतं. मग मला का नाही सांगितलंस गं? भांडलो असतो, चार महिने बोललो नसतो, पण मला एकटीला सोडून सगळ्या पॉइंट कुकला खरं सांगत बसलीस? मला तू थोपटत राहिलीस. मी काय तान्ही होते?

अजितला मी त्याच दिवशी धरलं. बिचारा भांबावला. तो उतारे फक्त टाइप करायचा, म्हणाला, कुठलीतरी बाई असेल असं वाटलं, तिला कुठेही काही सुचायचं. तो खोटं बोलत नव्हता. पण त्यानं दुसरंच काही सांगितलं. तो सगळे उतारे एकत्र छापून तिच्या नावानं पुस्तिका काढणार होता. मुलांना द्यायची, इथल्या मराठी मंडळातही वाटायची, इंटरनेटवरही टाकायची, कुणालाही वाचता येईल अशी. मी सांगितलं, एकतीस काढून टाक. तो का म्हणून विचारेना, नुसतं म्हणाला, बरं, तीसनंतर बत्तीस घालतो. घरी जाताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

दोन दिवसांनी लीहुआचा मेसेज आला, लांबलचक, माफी मागत मागत लिहिलेला. मी सांगितलेल्या उत्तरानं ती गोंधळली होती. पत्र आलं असं कागदावर आहे, विमान होतं असं आहे, मग जाणं शक्य नव्हतं असं कसं? दुसऱ्या एका सराव परीक्षेत तिनं माझ्यासारखा विचार केला आणि तसली तीन उत्तरं चुकली. पुढच्या शनिवारी तिची खरी परीक्षा होती, चौथ्यांदा. त्याच मेसेजमध्ये तिनं सहज लिहिलं होतं, की हा उतारा आधीच्या सगळ्या बॅचनाही होता, आणि सगळ्यांना वाटायचं की ती बाई म्हणजे अनघा लाओशीच. एक बॅच तर इतकी हळहळली की तिच्यासाठी संत्र्यांची पेटी घेऊन आली होती. लाओशींनी नाही म्हटलं नाही.

संत्री... मला ती संत्री आठवतात. एका हिवाळ्यात अनघा माझ्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली होती, मुलांनी दिली, म्हणाली, ही तुझी. मी विचारलं, माझी कशी, तुझ्या मुलांनी दिली ना. ती म्हणाली, ‘घे गं, तुझीच आहेत.’ मी खाल्ली. गोड होती, आठवडाभर पुरली. आता मी त्याचा अर्थ लावायला जाते आणि रागाशिवाय हाताला काही लागत नाही. चूक माझी, आणि सांत्वन घ्यायला ही पुढे? की माझ्यासाठी आलेलं तिनं माझ्यापर्यंत पोचवलं? सांगायला तोंड होतं ना तिला. पिशवीबरोबर एक वाक्य दिलं असतं तर हात का मोडला असता.

गेल्या गुरुवारी मी चौघांना पुन्हा एकतीस काढायला लावला. म्हटलं, चौथं उत्तर मी चुकीचं सांगितलं होतं. ट्रू आहे ते. पत्र आलं होतं, ही ओळ. विमान होतं, ही ओळ. ‘बाईला जाणं शक्य होतं. ती गेली नाही.’ माझा आवाज बरा होता. एकजण म्हणाला, पण लाओशी, मुलगी अशी कशी... त्याला मी म्हटलं, तुला काय वाटतं ते नको, कागद काय म्हणतो? लीहुआ माझ्याकडे बघत होती. नर्सेसना माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं, मी रोज त्यांच्यात वावरते. तिनं चौथं खोडलं, ट्रू लिहिलं, आणि मग फार हळू विचारलं, ‘सहावं? आईला कळलं होतं का?’ मी म्हटलं, नॉट गिव्हन. तिनं लिहून घेतलं. मी मात्र त्या उत्तरापाशी जी अडकले ती अजून तिथेच आहे.

शनिवारची तिची परीक्षा झाली, निकाल यायचाय. अजितला मी कळवलं आहे की एकतीस राहू दे, आहे तसा, शब्द न बदलता. ह्याचा अर्थ अनघाला मी माफ केलं असा कुणी काढू नये. नाही केलं. ती जिवंत असती तर तिच्या दारात उभी राहून ओरडले असते, आणि तिनं दोन स्वेटर घालून दार उघडून शांतपणे ऐकून घेतलं असतं, ह्या विचारानं आणखी चीड येते. पण ती माझ्याशी जशी वागली, तशी मी दुसऱ्या एका माणसाशी वागत आले आहे, तीही इतकी वर्षं, रोज फोनवर. हे तिच्यावर कितीही रागावलं तरी बदलत नाही.

हा लेख मी तिच्या डायनिंग टेबलाशी बसून लिहिते आहे. आज गुरुवार, मुलं यायला तासभर आहे. फाइल समोर उघडी आहे, लाल पेन फाइलच्या खिशात तिनं खोचलं तसंच आहे, मी ते वापरत नाही. साताऱ्याला माझा दादा ही पुरवणी रविवारी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, माझा लेख असला की दोनदा. छापील पुस्तिका त्याच्यापर्यंत कधी ना कधी जाईलच, आणि बल्ब वाचल्यावर त्याला दुसरं काही विचारावं लागणार नाही. त्याला हे कुणा तिसऱ्याच्या कागदावरून कळू नये, म्हणून मी लिहिते आहे. फोनवर सांगायचा प्रयत्न केला, दोनदा. जमलं नाही.

दादा, परवानगी आली होती. नवव्या दिवशी, दुपारी. विमानात जागा होती. मी घाबरले, आले नाही, आणि तुला खोटं सांगितलं. शेवटी आईजवळ तू होतास. तिला कळलं होतं का, हे अनघाला माहीत नव्हतं, मला माहीत नाही, तुलाच माहीत असेल. मला फोन करून सांग. नाही केलास, तर नॉट गिव्हन हेच माझं उत्तर समजेन.